उजव्या चाकाचा शेंदूर

मी एकदा विमानाला तेल पाजलं. गोडंतेल, चांगलं वाटीभर, घरच्या बरणीतलं. सुरतेत त्याला सिंगतेल म्हणतात. नातवंडांना एवढंच सांगितलं की ती हसून गादीवर लोळतात आणि विचारतात, आजी, तेल पिऊन विमान ढेकर देतं का गं? मी म्हणते, देतं. पुढचं त्यांना अजून सांगितलेलं नाही. ते इथे लिहून ठेवते. मी गेल्यावर वाचतील आणि ढेकराचं हसू त्यांचं तेच आवरतील.

तेव्हा मी चौतीस वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत असे. सातवी पास, मराठी घडाघडा वाचता येतं, गुजराती पाट्या अडखळत का होईना लागतात. डिंडोलीच्या आमच्या गल्लीत सत्यनारायण असो की बारसं, कुठल्या पूजेला काय लागतं ते मला विचारल्याशिवाय कुणाचं पान हलत नसे. निदान माझी तशी समजूत होती. आता त्या बाईकडे मागे वळून बघते तेव्हा तिच्या कानाखाली एक वाजवावीशी वाटते. पण ती सारखी इतक्या उत्साहात असते की हात उचलत नाही.

आम्ही खानदेशातले. नवरा लूमवर होता. लूमच्या कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात. तशा एका खात्यात तो बारा-बारा तास सहा लूम सांभाळायचा आणि मी गवत कापायला जायची. डुमसच्या वाटेवर, वस्ती संपल्यावर, तेव्हा एक धावपट्टी होती. विमानं तिथे क्वचित उतरायची, गवत मात्र नेमाने उगवायचं. पावसाळा सरला की ते कमरेला लागायचं, मग मुकादम आम्हा सात-आठ बायकांना टेंपोत बसवून तिकडे न्यायचा. सकाळी विळे घेऊन ओळीने बसायचं, दुपारी बाभळीखाली भाकरी खायची, दिवस कलला की परत. मी माहेरी पत्रात लिहिलं होतं की आता विमानतळावर नोकरीला आहे. विळ्याचा उल्लेख राहून गेला.

प्लेगच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. प्लेगच्या वेळी निम्मी सुरत मिळेल त्या गाडीने पळाली होती, आम्हीही पोरांना घेऊन महिनाभर गावी जाऊन बसलो होतो. पुढच्या नवरात्रात एका साडीवाल्या शेठच्या मनात आलं, की सुरत पुन्हा उभी राहिली हे लोकांना आभाळातून कळवावं. त्याने कुठूनसं एक जुनं विमान भाड्याने आणवलं. ते रोज शहरावरून फिरणार, साड्यांच्या जाहिरातीचे कागद टाकणार आणि दसऱ्याला झेंडूच्या पाकळ्या. एकदा मुकादमाचा टेंपो बंद पडला म्हणून मी घरी होते, तेव्हा ते आमच्या डोक्यावरून घरघरत गेलं. गल्लीतल्या बायकांनी पाण्याच्या हंड्यांवर ताटल्या ठेवल्या, पोरांना घरात ओढलं. सरकार पुन्हा प्लेगचं औषध फवारायला निघालं असं त्यांना वाटलं. मी एकटी रस्त्याच्या मधोमध, कमरेवर हात ठेवून, सगळ्यांना सांगत होते की घाबरू नका, ते आमचं आहे.

आमचं म्हणण्याला कारण होतं.

ते विमान दोन मजली होतं. एकावर एक असे दोन पंख, मधे काठ्या आणि तारा, बसायला वरून उघडी दोन भोकं. आम्ही बायका पहिल्याच दिवशी विळे टाकून बघायला गेलो. बाकीच्या लांब उभ्या राहिल्या. मी पुढे होऊन खालच्या पंखाला अंगठ्याने दाबून बघितलं आणि थक्क झाले. कापड! वरून कसलंसं उग्र वासाचं रोगण दिलेलं, पण आत चक्क विणलेलं कापड, लाकडाच्या सांगाड्यावर ताणलेलं. विणकराची बायको मी, कापड हातात आलं की मला राहवत नाही. मी विचारलं, हे कुठल्या खात्यातलं हो?

विमानाखालून एक माणूस सरपटत बाहेर आला. तो मिस्त्री. पंचावन्नच्या पुढचा, नागपूरकडचा, हाताच्या रेघांत काळं तेल कायमचं बसलेलं. मराठी ऐकून त्याचा चेहरा उजळला. गालातल्या गालात हसून त्याने विचारलं, बाई, तुमाले शिवता येते का? एका पंखाला टीचभर फाटलं होतं. त्याच्याकडे जाड सुई आणि मेण लावलेला दोरा होता, पण ओवायला दिसत नव्हतं. चष्मा नागपूरला विसरला होता. मी मांडी घालून बसले आणि वितीएवढं ठिगळ असं शिवून दिलं की त्याने बोट फिरवून दोनदा बघितलं. मग त्यावर त्याने रोगण मारलं. झालं, त्या दिवसापासून ते विमान माझं. बाकीच्या बायका मला विमानाची सासू म्हणायला लागल्या. त्यांचं काही चुकत नव्हतं. मी रोज त्याची चौकशी करत होते, कुणी हात लावला तर दटावत होते.

चालवणारे साहेब साठीला टेकलेले, उंच, मिश्या पांढऱ्या. पंजाबकडचे. ते आणि मिस्त्री वीस वर्षं बरोबर होते, आणि आपसात बोलायचे ते निम्मं मानेनेच. एकदा साहेबांनी आमच्यात बसून माझी कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबले नाहीत, आणि हिंदीत म्हणाले की माताजी, हा ठेचा टाकीत ओतला तर पेट्रोल लागायचं नाही. मला माताजी म्हणाले, माझ्या बापाच्या वयाचा माणूस! मी ते घरी येऊन तीनदा सांगितलं. नवऱ्याने दोनदा ऐकलं.

मिस्त्री फार कडक होता. धावपट्टीवर एक खडा दिसता कामा नये, कारण पुढचा पंखा तो उडवतो आणि कापड फाटतं. आम्हाला त्याने गवताबरोबर खडेही वेचायला लावले. रोज सकाळी तो विमानाला पूर्ण फेरी घालायचा, प्रत्येक तार हाताने हलवून बघायचा, चाकाशी उकिडवा बसायचा. कुठे नवा डाग दिसला की पत्रा खोलून आत बघितल्याशिवाय साहेबांना बसू द्यायचा नाही. साहेब घड्याळ बघत उभे असले तरी नाही. मी एकदा म्हटलं, दादा, एवढं काय बघता, कालच तर बघितलं. तो म्हणाला की वरती रस्त्याच्या कडेले गाडी उभी करता येत नाही.

मग आली खंडेनवमी.

आमच्याकडे त्या दिवशी ज्याच्यावर घर चालतं त्याची पूजा असते. घरात विळा, कात्री, सुरी, शिवणाचं मशीन, सगळ्यांना हळदकुंकू. खात्यात लूम बंद. लूम आदल्या दिवशी झटकून पुसून ठेवायचे, नवमीला त्यांना झेंडूच्या माळा, कुंकवाची बोटं, आणि तेल. माझा नवरा तेलाची लांब चोचीची बुधली घेऊन लूमच्या सांध्यासांध्याला थेंब थेंब द्यायचा. मी दरवर्षी डबा घेऊन तिथे जायची आणि दारातून बघायची. वर्षभर खडखडणारा लूम त्या दिवशी गप्प उभा राहून तेल पितो असं मला वाटायचं. माझं यंत्रांविषयीचं सगळं शिक्षण एवढंच. दारातून बघितलेलं.

त्या नवमीला मुकादमाने आम्हाला अर्धा दिवस बोलावलं होतं, दुसऱ्या दिवशी शेठ आणि त्याचे पाहुणे येणार होते म्हणून. मी पिशवीत पूजेचं सामान घेऊनच गेले. विळ्यांची पूजा आम्ही बाभळीखाली केली. मग माझं लक्ष विमानाकडे गेलं. ते पत्र्याच्या छपराखाली एकटं उभं. ना माळ, ना कुंकू. खात्यातले भंगारातले लूमसुद्धा त्या दिवशी नटलेले असतात, आणि हे, आभाळात जाणारं, कोरडं! साहेब शहरात गेले होते. मिस्त्री तिकडे विहिरीवर आंघोळीला. त्याला विचारायला हवं होतं. पण पूजेच्या बाबतीत मी कुणाला विचारत नसे, लोक मला विचारत.

पुढच्या पंख्याला हात पोचेना. म्हणून चाक धरलं. उजवं, कारण शुभकार्य उजव्या अंगाने. शेंदूर तेलात कालवला आणि चाकाच्या तबकडीवर पाच बोटं ओढली. झेंडूचं फूल ठेवलं. चाकापुढे लिंबू ठेवलं. नारळ फोडणार होते, पण मिस्त्रीचे खडे आठवले. करवंटीचा तुकडा राहिला आणि उडाला तर? म्हणून नारळ नुसता ओवाळून पिशवीत परत ठेवला, घरी जाऊन फोडला. इतकी मी समजूतदार.

आता तेल. वाटीत बरंच उरलं होतं. पूजेचं तेल घरी परत न्यायचं नसतं. चाकाच्या आतल्या बाजूला एक गोल पत्रा होता आणि त्याच्या कडेला बोटभर फट. मला वाटलं, हाच सांधा. मी वाटी तिरकी करून हळूहळू धार सोडली. थेंबसुद्धा खाली सांडला नाही. सगळं आत गेलं. मला इतका आनंद झाला. म्हटलं, किती तहानलेलं होतं बिचारं. डाव्या चाकालाही द्यावं असं वाटलं, पण तेल संपलं होतं.

दसऱ्याच्या सकाळी मुकादमाने आम्हा तिघींनाच बोलावलं, पाहुण्यांना पाणी द्यायला. मी नवी साडी नेसून गेले, विळा सवयीने पिशवीत होताच. शेठची माणसं फाफडा-जिलेबीचे पुडे घेऊन आली होती. मी पोचले तेव्हा विमान बाहेर आणलेलं होतं आणि शेंदराची पाच बोटं चाकावर तशीच होती. मिस्त्रीने फेरी घातली असेल नसेल, मी काही बघितलं नाही. मी माझी बोटं बघत होते. साहेब पुढच्या भोकात पाकळ्यांची पोती रचून मागच्या भोकात बसले. मिस्त्री पंखाचं टोक धरून विमानाबरोबर चालत गेला, वळवून दिलं, सोडलं. ते धावलं आणि उठलं. शेठच्या पाहुण्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. घरच्या माणसासाठी कुणी टाळ्या वाजवतं का?

अर्ध्यापाऊण तासाने ते परत आलं. पाकळ्यांची पोती रिकामी झाली होती, काही पाकळ्या शेपटीला चिकटलेल्या. समुद्राकडून वारा सुटला होता. विमान एक पंख जरासा खाली करून, वाऱ्याला टेकल्यासारखं आलं आणि अलगद उतरलं. जिलेबी खाणाऱ्यांनी वर बघितलं, पुन्हा पुड्यात बघितलं. विमान आमच्या समोरून पळत गेलं. वेग कमी व्हायला लागला. आणि मग त्याचं तोंड डावीकडे वळलं.

सुरुवातीला हळूच, कुणी हाक मारल्यावर मान वळवावी तसं. मिस्त्री माझ्या शेजारी उभा होता. तो पुटपुटला, उजवा, उजवा दाबा साहेब. मग ते आणखी वळलं, एकदम गर्रकन, उजवा पंख जमिनीला घासला, आणि ते धावपट्टी सोडून गवतात शिरलं. आम्हीच कापलेल्या, तळहातासारख्या साफ गवतात. तिथे अडायला काही नव्हतं. पुढे पाण्याचा चर होता. पुढची चाकं चरात गेली आणि विमान भाकरी उलटावी तसं पाठीवर पडलं.

आवाज फार झाला नाही. लाकूड मोडल्याचा आणि कापड फाटल्याचा. कापड फाटल्याचा आवाज मी ओळखते.

मिस्त्री धावला, मागून मी. मला धावताना साडी आवरत नव्हती आणि शेठचा कुणीतरी माणूस मागून ओरडत होता, लांब राहा, पेटेल. पेटलं नाही. साहेब पट्ट्यांत उलटे लटकले होते, डोकं गवताला टेकलेलं, मान चमत्कारिक वळलेली. डोळे उघडे होते. मिस्त्री खाली आडवा होऊन आत शिरला, पट्ट्या सुटेनात. त्याने हात मागे केला आणि म्हणाला, बाई, विळा द्या. कालच पूजलेला, कुंकू लावलेला विळा मी त्याच्या हातात दिला. त्याने पट्ट्या कापल्या आणि साहेबांना स्वतःच्या अंगावर घेतलं. साहेबांनी त्याच्याकडे बघून काहीतरी म्हणायला ओठ हलवले. मिस्त्रीने मान हलवली, रोजच्यासारखी. नंतर त्यांना शेठच्या गाडीत घालून नेलं. दवाखाना यायच्या आत ते गेले.

मी तिथेच उभी होते. विमानाचे पाय वर. आणि त्या वर झालेल्या चाकांत डावं गच्च थांबलेलं होतं, उजवं वाऱ्यावर फिरत होतं. संथपणे, बराच वेळ. दर फेरीला माझी पाच बोटं वर यायची, खाली जायची. जमलेल्यांपैकी एकाने ती बघून हात जोडले आणि म्हणाला की पूजा तर केली होती, तरी बघा. कुणी तिकडे दुसऱ्यांदा बघितलं नाही. आपल्याकडे कुठल्या गाडीवर कुंकू नसतं?

पंख दोन ठिकाणी फाटला होता. मी शिवलेलं ठिगळ मात्र जसंच्या तसं होतं. टाका उसवला नव्हता. त्या वेळीसुद्धा माझ्या मनाने त्याची नोंद घेतली, अशी मी बाई.

घरी गल्लीत सोनं वाटत होते. पोरं आपट्याची पानं हातात कोंबून पाया पडत होती. नवऱ्याला मी स्वयंपाकघरात बोलावलं आणि सांगितलं. विमान पडलं हे त्याला कळलं होतं. मी पूजेचं सांगितलं तेव्हा तो ऐकत होता. तेलाचं सांगितलं तेव्हा त्याने हातातली पानं खाली ठेवली. फट कुठे होती, ती त्याने मला दोनदा विचारली. कढई उपडी ठेवून मी त्याला दाखवलं, इथे.

"तो ब्रेक," तो म्हणाला. "ब्रेकमा तेल टाकं तू?"

मग त्याने समजावलं, अगदी सावकाश. त्याने ओरडायला हवं होतं, मला ते सोपं गेलं असतं. लूमलाही ब्रेक असतो. दोरा तुटला की लूम जागच्या जागी थांबला पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं कापड बिघडतं. थांबवणाऱ्या पट्ट्यावर तेलाचा एक थेंब पडला तरी तो पकडत नाही, नुसता घसरतो. खात्यात नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला हेच सांगतात, बुधली घेऊन कुठे जायचं नाही ते. अठरा वर्षं मी दारात उभी राहून तेल देताना बघत होते. कुठे दिलं जात नाही, हे दारातून दिसत नाही.

विमानाचं उजवं चाक पकडलं नसेल आणि डावं पकडलं असेल, म्हणून ते डावीकडे गेलं. दोन्ही चाकांत तेल घातलं असतं तर सरळ गेलं असतं. हे मीच म्हटलं. 

"कोनले सांगू नको," तो म्हणाला. "पोऱ्हेस्कडे दख." आमच्या अहिराणीत याचा अर्थ, पोरांकडे बघ. दोन पोरं अंगणात होती. पोलीस आईला घेऊन गेले तर त्यांचं काय, हे त्याने बोलून दाखवलं नाही.

मी गप्प राहिले. मला गप्प राहणं जमत नाही असं सगळी डिंडोली म्हणायची, पण चार दिवस इतकं छान जमलं की माझी मलाच लाज वाटते. कामावर जात होते. विमान तसंच चरात पडलेलं, वर ताडपत्री. चौथ्या दिवशी चौकशीचे दोन साहेब आले. त्यांनी मिस्त्रीला समोर बसवून उजवं चाक खोललं. आम्ही वीस हातांवर गवत कापत होतो. म्हणजे बाकीच्या कापत होत्या. मी एकाच पेंढीवर मुकादमाकडून मागून घेतलेला विळा घासत होते.

आतला पट्टा तेलाने निथळत होता. एका साहेबाने त्यावर बोट फिरवून नाकाशी नेलं आणि मिस्त्रीला विचारलं की हे काय. मिस्त्रीनेही बोट फिरवलं. वास घेतला. बराच वेळ घेतला. मी मनात म्हणत होते, आता तो ओळखणार. आणि मग मनात म्हणत होते, देवा, ओळखू देऊ नकोस. दोन्ही मीच म्हणत होते, एकाच दमात.

मिस्त्री म्हणाला की धुऱ्याचं ग्रीस पाघळून आत उतरलं असेल, वॉशर जुना होता, बदलायला हवा होता, नाही बदलला, चूक आपली आहे. साहेबाने ते लिहून घेतलं. मिस्त्रीने खाली सही केली.

टेंपोत मुकादम सांगत होता की आता त्याचा परवाना जाणार, पुन्हा कुठल्या विमानाला हात लावू देणार नाहीत. वर गेलेल्या साहेबांच्या घरचे लोक म्हणणार, वीस वर्षांच्या दोस्ताने मारलं. बायका हळहळल्या. एकीने मला कोपराने ढोसून विचारलं, सासूबाई, आज गप्प? मी म्हटलं, दात दुखतो.

त्या संध्याकाळी मी नवऱ्यासमोर ताट ठेवलं आणि सांगितलं की मी उद्या चौकशीच्या साहेबांना सांगणार. तो जेवत राहिला. पोरांना त्याने लवकर झोपवलं. सकाळी मी निघाले तेव्हा त्याने मला अडवलं नाही, डबा मात्र स्वतः भरून दिला, दोन वेळचा. पोलीस चौकीत जेवायला मिळतं की नाही, त्याला खात्री नव्हती.

मी पोचले तर चौकशीचे साहेब पहाटेच्या गाडीने निघून गेले होते. छपराखाली मिस्त्री एकटा बसला होता. जमिनीवर फडकं अंथरून पाने आणि पक्कड एकेक पुसत होता, फडक्यात गुंडाळत होता. माझा विळा त्याने धार लावून बाजूला ठेवला होता, परत द्यायला. चष्मा अजून नव्हताच, त्यामुळे प्रत्येक पाना तो हात लांब करून बघत होता.

मी उभ्यानेच सांगितलं. शेंदूर, लिंबू, वाटी, फट. बसायचा धीर झाला नाही. सगळं सांगून झाल्यावर म्हटलं की दादा, मला लिहिता येतं, मी कागद लिहून देते, सहीपण करते, तुमच्यावरचं सगळं काढून घेते. सातवी पास असल्याचंही सांगितलं. त्या वेळीसुद्धा.

त्याने हातातला पाना पुसून पूर्ण केला.

"तेल कोनतं होतं?" त्याने विचारलं.

"सिंगतेल. घरचं."

"हाव. वास आलताच मले."

मी म्हटलं, मग वास आला तर साहेबांना का नाही सांगितलं? ग्रीस का म्हणालात? माझं नाव माहीत नसलं तरी कुणीतरी तेल ओतलं एवढं तरी सांगायचं. तुमचा परवाना जातोय ना, दादा, आयुष्यभराचा.

तो ताडपत्रीकडे बघत होता. चाक त्या लोकांनी काढून नेलं होतं. माझ्याकडे न बघताच त्याने विळा उचलून माझ्यापुढे धरला, मूठ माझ्याकडे करून.

"दसऱ्याच्या सकाळीच पाह्यला होता मी तो शेंदूर, बाई. चाक खोलून पाहाले पाह्यजे होतं. नाही खोललं. बरं वाटलं होतं मले."